सुईमावशीचा आकडा

द्राक्ष गोड आहे की आंबट, हा प्रश्न कोल्ह्यासाठी सोडून द्यावा. बोटीतून परदेशी जाणाऱ्या द्राक्षाला प्रश्न एकच विचारतात: पोटातून किती गार आहेस? आणि त्या पॅकिंगच्या कारखान्यात या प्रश्नाचं उत्तर सत्तावीस वर्षं एकच बाई देत आली होती.

तिला सगळे सुईमावशी म्हणत. मावशी ती खरं तर एकाचीच होती, बहिणीच्या मुलाची. पण ते पोर लहानपणी दिवसभर 'मावशी, मावशी' करत तिच्या मागे फिरायचं. ते ऐकून ऐकून आधी पॅकिंगच्या बायका, मग हमाल, मग ट्रकचे ड्रायव्हर आणि शेवटी खुद्द मालकही तिला मावशी म्हणायला लागले. सुई हा तिच्या हातातल्या थर्मामीटरचा मान. पेन्सिलीएवढी पोलादी सुई, वर आकडे दाखवणारी इवलीशी खिडकी. खोक्यांच्या प्रत्येक थप्पीतून ती एक खोकं निवडायची, खोक्यातल्या मधल्या घडातला मधला मणी धरायची आणि सुई त्याच्या पोटात खुपसायची. अर्धा मिनिट गप्प उभी राहायची. खिडकीतला आकडा कागदावर उतरवायची, शेजारी सही ठोकायची आणि मग मान वर करून हमालांना एकच शब्द सांगायची, "लाव."

हा शब्द आल्याशिवाय एकही थप्पी कंटेनरमध्ये जात नसे. कंटेनरला तिथं सगळे डबा म्हणत. एकदा परदेशी पाहुणे आले होते आणि मालकांनी मोठ्या रुबाबात हमालांना सांगितलं, चला, भरा डबा. हमालांनी मालकांकडे पाहिलंच नाही. ते मावशीकडे बघत उभे राहिले. मालक हसले, पाहुणेही हसले, पण मालकांच्या मनात ते कुठेतरी राहून गेलं असणार. मोठी माणसं हसतात तेव्हा विसरतात असं नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, डब्याला एवढं मोठं गारव्याचं यंत्र असतं, मग आत काहीही टाका, होईल थंड. असले उंटावरचे शहाणे मावशीनं पुष्कळ पाहिले होते. यंत्र गारवा टिकवतं, आणत नाही. गरम दूध थर्मासमध्ये ओतायचं आणि गार का झालं नाही म्हणून थर्मासशी भांडायचं, त्यातलाच हा प्रकार. उन्हातून तोडून आणलेलं द्राक्ष आठ-दहा तास कोल्ड रूममध्ये मोठ्या पंख्यांसमोर बसवावं लागतं, तेव्हा कुठं त्याच्या पोटातली उष्णता निघते. एक अंशाच्या खाली आलं की ते प्रवासाला लायक. कुणी घाई करून पाच-सहा अंशांवर बाहेर काढलं, तर चोवीस दिवसांचा समुद्र ओलांडून पलीकडे पोचतो तो चिखल.

मावशीचे नियम दोनच. पहिला, अंदाज करायचा नाही. दुसरा खोडण्याचा. लिहिताना आकडा चुकला तर त्यावर गिरवून दुसरा करायचा नाही. त्याच्यावर एक आडवी रेघ मारायची, खालचा आकडा स्वच्छ वाचता आला पाहिजे, आणि शेजारी खोडणाऱ्यानं आपली छोटी सही करायची. "चूक कुणाचीही होते," ती नव्या पोरींना सांगायची, "पण खोडणाऱ्यानं लपायचं नाही."

हा दुसरा नियम तिनं सगळ्यात आधी शिकवला तो भाच्याला. बहीण गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि इतका किडकिडीत, की त्याचं नाव बारक्याच पडलं. मावशीचा नवरा म्हणाला, या घरात एक तर हा राहील नाहीतर मी. त्याला दार दाखवायची वेळच आली नाही, त्याचं त्यानंच ते शोधलं. मग मावशी पोराला कारखान्यात घेऊन यायची, फुकट गेलेल्या तक्त्यांच्या पाठीवर त्याच्याकडून आकडे गिरवून घ्यायची. चुकला की रेघ आणि छोटी सही. तो इतका छोटा होता की सही करायची म्हणजे त्याला मोठी गंमत वाटायची, आणि कधी कधी तो सहीसाठी मुद्दाम चुकायचा. मावशी त्याची एकही चूक नजरेतून सुटू द्यायची नाही. प्रेम करायची तिची तीच पद्धत होती, दुसरी तिला येत नव्हती.

आता बारक्या बत्तीस वर्षांचा होता, चष्मा लागला होता आणि पोट सुटून बारका हे नाव चेष्टेचं झालं होतं. घरी बायको होती, दोन वर्षांची मुलगी होती. कारखान्यात तो माल रवाना करणारा सुपरवायझर होता. आलेला डबा तपासायचा, भरून झाला की दारं बंद करायची, सील लावायचं, कागदावर सही करायची, हे त्याचं काम. ती जागा मावशीनं मालकांकडे त्याच्यासाठी मागून घेतली होती. सत्तावीस वर्षांत तिनं मालकांकडे मागितलेली ती एकच गोष्ट. जागा मिळाल्यावर आठवड्याभरात भाचा तिला कोपऱ्यात घेऊन म्हणाला होता, चारचौघांत बारक्या म्हणू नकोस गं. तेव्हापासून चारचौघांत मावशी त्याला साहेब म्हणायची, आणि अशा काही सुरात म्हणायची की हमाल तोंड फिरवून हसायचे. त्यापेक्षा बारक्या परवडलं असतं, असं त्याला वाटलं असेल.

इथवर सगळं ठीक. पण माणसाचा खरेपणा कितीही घट्ट विणलेला असला, तरी त्यात सोयीपुरतं एखादं भोक असतंच. मावशीच्या खरेपणातल्या भोकाचं नाव होतं म्हातारा.

त्याचं असं, की परदेशचा गिऱ्हाईक प्रत्येक डब्यासाठी साबणाच्या वडीएवढं एक नोंदयंत्र पाठवतो. ते वाटभर आतलं तपमान टिपत राहतं. गिऱ्हाईकाचा हुकूम असा, की हे यंत्र दाराजवळच्या शेवटच्या रांगेला बांधायचं, कारण डब्यात सगळ्यात कमी गारवा तिथं असतो. नऊ वर्षांपूर्वी बंदरावर तपासणीवाल्यांनी एका डब्याचं दार पाऊण तास उघडं ठेवलं. दाराजवळच्या यंत्रानं तेवढी ऊब इमानेइतबारे टिपली. पलीकडे गिऱ्हाईकानं कागदावर चढलेली रेघ पाहिली आणि फळाकडे न बघता माल नाकारला. फळ चांगलं होतं. मावशीनं स्वतः सुई टोचलेली होती. पण त्या हंगामात अर्ध्या बायका घरी बसल्या, आणि त्यातल्या दोघी परत कधी कामावर आल्याच नाहीत.

पुढच्या हंगामात मावशीनंच तोडगा काढला. चालू यंत्र डब्याच्या पार आत, गार हवा जिथून बाहेर पडते त्या तोंडाशी टांगायचं. मग रेघ काठीसारखी सरळ येते. आता, दाराशी यंत्र बांधल्याचा फोटो गिऱ्हाईकाला लागतो; तर आलेल्या यंत्रांतलं एक सुरुवातीपासूनच मेलेलं होतं. फोटोपुरतं ते दाराजवळच्या खोक्याला बांधायचं, फोटो काढायचा, सोडवून घ्यायचं आणि मग दार लावायचं. या मेलेल्या यंत्राला हमालांनी नाव ठेवलं म्हातारा. म्हातारा मावशीच्या टेबलाच्या खणात राहायचा. डबा निघाला की ती विचारायची, "म्हातारा घरी आला का?" मालकांनाही हे ठाऊक होतं. दर हंगामाला पहिल्या डब्याच्या वेळी ते विचारायचे, काय मावशी, म्हाताऱ्याची तब्येत काय म्हणते?

फळ खरं आहे ना, मग यंत्र कुठं टांगलं यानं काय बिघडतं, असं मावशी स्वतःला सांगायची. एक आकडा गिरवू न देणारी बाई आठ वर्षं हे सांगत होती आणि तिला ते पटतही होतं.

त्या दिवशी डबा सकाळी सातला यायचा तो साडेअकराला आला. बंदराचं गेट चारला बंद होणार होतं, आणि बंदर दोन तासांच्या वाटेवर. मावशीचा माल तयार होता. त्या हंगामातला सगळ्यात देखणा माल, आणि रात्रभर पंख्यांपुढे बसून असा गार झालेला की वीसच्या वीस थप्प्यांना सुईनं एकच आकडा दाखवला होता, पॉइंट आठ. असं कधी होत नाही. कुठं पॉइंट सहा येतो, कुठं पॉइंट नऊ येतो. मावशी मनातून इतकी खूश होती की तिनं हमालांना स्वतःच्या खिशातून चहा पाजला.

भाचा डबा तपासायला गेला आणि उजव्या दारापाशी खाली वाकून राहिला. दाराच्या कडेनं जी जाड रबरी पट्टी असते, ती खालच्या कोपऱ्यात वीतभर फाटलेली होती. बोट आरपार जात होतं. मावशीनंही पाहिलं. ती म्हणाली, डबा परत पाठव. त्यानं मालकांना फोन लावला. मालक म्हणाले, दुसरा डबा तीन दिवस मिळणार नाही, बोट पहाटे सुटते, पलीकडे दुकानांतल्या फळ्या रिकाम्या आहेत, टेप लावा आणि भरा. भाच्यानं फोन खिशात टाकला. मग चंदेरी टेप घेऊन आला आणि फाटलेल्या जागेवर चार पदर चिकटवले. तपासणीच्या तक्त्यावर 'दाराचे रबर' या ओळीसमोर त्यानं लिहिलं, 'ठीक'.

मावशी त्याच्या खांद्यावरून बघत होती. ती हळूच म्हणाली, "बारक्या, असं लिहू नकोस. फाटलंय, टेप लावलीय, असं लिही. लपू नकोस."

"मावशी, तू तुझी सुई बघ."

त्यानं आवाज चढवला नव्हता. पण असं तो तिला आजवर कधी बोलला नव्हता, आणि ते चार हमालांसमोर. मावशीला ते सुईसारखंच लागलं, पण घड्याळात बारा वाजून गेले होते. फळ ठीक होतं. डबा तिच्या अखत्यारीत नव्हता. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "लाव."

पुढे नुसती धावपळ. थप्प्या आत गेल्या, चालू यंत्र आतल्या तोंडाशी टांगलं गेलं, म्हाताऱ्याचा दाराशी फोटो निघाला. भाच्याचं सगळं लक्ष त्या टेपवर. दार लावताना ती निघते की काय म्हणून तो गुडघ्यावर बसून ती दाबून धरत होता. दार लागलं, सील लागलं, ट्रक गेला. संध्याकाळी मावशीनं सवयीनं विचारलं, म्हातारा घरी आला का? भाच्यानं एक खिसा चाचपला, मग दुसरा चाचपला आणि म्हणाला, गाडीत राहिला असेल. तीन दिवसांनी तिनं पुन्हा विचारलं, तर म्हणाला, मिळेल गं. मावशीनं तिसऱ्यांदा विचारलं नाही. म्हातारा आठ वर्षांनी पहिल्यांदा समुद्रावर गेला होता.

चोवीस दिवसांनी पलीकडून फोटो आले. शेवटच्या रांगांतल्या खोक्यांवर राखाडी बुरशीची लव, खाली पाणी. टेप कुठंतरी दमट समुद्रात सुटली होती आणि तिथून बाहेरची उकाड्याची हवा वाटभर आत येत राहिली होती. मधला माल मऊ पडलेला. आणि शेवटच्या दोन फोटोंत दोन यंत्रं: एक आतल्या भिंतीशी, चालू, रेघ काठीसारखी सरळ, दुसरं दाराशी, मेलेलं. गिऱ्हाईकानं विचारलं होतं, हा काय प्रकार आहे?

विम्याचा माणूस आला. सभ्य होता, चहाला नको म्हणाला आणि दोन कप प्यायला. त्याचं गणित सरळ होतं. हवा पूर्ण वाट गार होती, तुमचंच यंत्र तसं सांगतंय. गार हवेत फळ सडलं, म्हणजे ते भरतानाच गरम होतं. आणि फळ गरम नव्हतं तर दाराशी मेलेलं यंत्र कशाला लावलं होतं? मावशीच्या सरळ रेघेनं मावशीच्याच गळ्यात फास अडकवला होता. यंत्र ठरल्या जागी, दाराशी असतं तर ते ओरडून सांगत राहिलं असतं की इथून गरम वारा येतोय, दार बघा.

मालकांनी म्हाताऱ्याचं नाव ऐकून कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाले, कुठला म्हातारा? हे त्यांनी इतक्या निरागसपणे विचारलं की मावशीला क्षणभर आपलीच शंका आली.

घरी दोन दिवस भाचा मान खाली घालून जेवत होता. दोनच खोल्यांचं घर, कुणी गप्प बसलं तर ते भिंतीपलीकडेही ऐकू येतं. छोटी मुलगी मावशीच्या मांडीवर बसून तिची रिकामी सुईची डबी उघडझाप करत होती. मावशीनं मनाशी सगळा हिशोब केला, आणि तो फार अवघड नव्हता. म्हातारा तिचा होता, ती चाल तिनं काढली होती. तिची नोकरीची दोन वर्षं राहिली होती, त्याची तीसेक. कुणीतरी मान द्यायचीच असेल तर तिची द्यावी. रबराचं काय, ते कुणी विचारलं नाही तर ती बोलणार नव्हती. फक्त आपला आकडा तेवढा ती सोडणार नव्हती. यंत्राची लबाडी माझी, पण फळ गार होतं, एवढं तिला सांगायचं होतं. सत्तावीस वर्षांत आपण कमावलं काय, असं कुणी तिला विचारलं असतं, तर तिनं ती डबी पुढे केली असती.

जेवण झाल्यावर तिनं त्याला सांगितलं, की उद्या मी मालकांकडे जाते आणि म्हातारा माझा होता म्हणून सांगते, तू घाबरू नकोस. तो ताटाकडे बघत म्हणाला, उद्याचं उद्या बघू. त्याला लाज वाटतेय, असं मावशीला वाटलं आणि तिचा जीव तुटला. लाज त्याला वाटतच होती. फक्त ती कशाची, हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं.

मालकांच्या खोलीत भाचा आधीच खिडकीशी उभा होता. कोपऱ्यात कारकून होता. मावशीनं तोंड उघडायच्या आत मालकांनी तिच्यापुढे एक कागद सरकवला. हातानं लिहिलेला होता. हातचं लिहिलेलं खरं वाटतं, असं मालकांचं मत होतं. अक्षर मावशीच्या ओळखीचं होतं, कारण ते तिनंच वळवलं होतं. वर तारीख परवाची होती. म्हणजे ती काल रात्री ताटापाशी स्वतःचा जीव ओवाळून टाकत होती, तेव्हा हा कागद लिहून एक दिवस होऊन गेला होता.

कागदावर तिच्या तोंडी दोन गोष्टी होत्या. पहिली, दाराशी मेलेलं यंत्र ठेवण्याची पद्धत मी सुरू केली आणि इतर कुणाला तिची कल्पना नव्हती. दुसरी, त्या दिवशी गेटची वेळ गाठण्यासाठी मी माल पुरता गार होण्याआधी बाहेर काढला आणि तपमानाचे आकडे मनचे लिहिले.

मावशीनं कागद दोनदा वाचला. पहिली गोष्ट तिनं तशीच सोडली. दुसरीवर बोट ठेवून तिनं मालकांना सांगितलं, की हे खोटं आहे, माझा तक्ता तुमच्या फायलीत आहे, वीसच्या वीस थप्प्यांना पॉइंट आठ. मालक म्हणाले, तो तक्ता सापडत नाही. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि शांतपणे समजावून सांगितलं. माल गरम होता असं ठरलं नाही, तर लोक दार बघतील. दार बघितलं तर तपासणीचा तक्ता बघतील. त्यावर 'ठीक' लिहून खाली सही कुणाची आहे? खोटी तपासणी म्हणजे साधी गोष्ट नाही, पोलिसापर्यंत जाते. "तुमचाच मुलगा म्हणायचा तो, मावशी. तुम्हीच ठरवा." टेप लावा असं फोनवर कोण म्हणालं होतं, हे त्या समजावण्यात कुठंच आलं नाही.

मावशी भाच्याकडे वळली. "बारक्या, हे तू लिहिलंस?"

तो खिडकीबाहेर बघत होता. "मावशी, तू नाहीतरी सांगणारच होतीस ना."

"मी माझं सांगणार होते. सुईचं नाही."

त्यानं चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला, तो स्वच्छ होता तरी. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. पण हा दांडा तिनं स्वतः तासला होता, तेल पाजून पाजून गुळगुळीत केला होता. तिला त्याचा राग यायला हवा होता, आणि आलाही. पण रागाच्या आधी तिला वाटलं, की या पोरानं मागितलं असतं तर मी दिलं असतं. न मागता घ्यायला हे कधी शिकलं?

तिनं पेन उचललं आणि सही केली. सत्तावीस वर्षं तिच्या हाताला एक वळण पडलं होतं: सहीशेजारी आकडा. तो हात थांबला नाही. सहीशेजारी तिनं लिहिलं, ०.८. मुद्दाम लिहिलं की सवयीनं, हे तिला पुढे स्वतःलाही कधी नीट सांगता आलं नाही.

"हे काय?" मालकांनी विचारलं.

"आकडा."

"तो खोडा."

मावशीनं पेन टेबलावर ठेवलं. "मी नाही खोडणार. ज्याला नको असेल त्यानं खोडावा."

मालकांनी भाच्याकडे पाहिलं. तो खिडकीपासून टेबलापर्यंत चार पावलं आला, पेन उचललं, वाकला. त्या चार पावलांत मावशी वाट बघत होती. अजूनही तो पेन खाली ठेवेल, तिच्याकडे बघेल, असं तिला वाटत होतं. त्यानं आकड्यावर एक आडवी रेघ मारली, सरळ, हलकी, खालचं सगळं स्वच्छ वाचता येईल अशी. आणि तिच्या शेजारी, जराही न थांबता, आपली छोटी सही केली.

मालकांनी कागद उचलून पलीकडे पाठवायला कारकुनाकडे दिला. कारकुनानं स्कॅनरचं झाकण उघडलं.

मालकांच्या काही लक्षात आलं नव्हतं. तक्ते भरणं त्यांना कधी ठाऊक नव्हतं, त्यांना आकडा खोडलेला हवा होता आणि तो खोडलेला होता. भाच्याच्याही लक्षात आलं नव्हतं, कारण त्याच्या दृष्टीनं त्यानं सगळं बरोबर केलं होतं, लहानपणापासून करत आला तसंच. पण मावशीला सगळं दिसत होतं. माल गरम होता असं सांगणाऱ्या त्या कागदावर तपासणाऱ्या बाईनं पॉइंट आठ लिहिलं आहे, आणि तो आकडा सुपरवायझरनं स्वतःच्या सहीनिशी खोडला आहे. पलीकडचा कुणीही, विम्याचा तो चहावाला माणूससुद्धा, हे एका नजरेत वाचणार होता, आणि मग पहिला प्रश्न भाच्यालाच विचारला जाणार होता. सवयीनं केलेली एवढीशी सही.

तिचं तोंड उघडलं. 'थांब' एवढा एक शब्द पुरला असता. कारकुनाचा हात अजून झाकणावर होता. सव्वीस वर्षं तिनं या पोराची एकही चूक नजरेतून सुटू दिली नव्हती. रात्री उशापाशी बसून वह्या तपासल्या होत्या, तापात कुशीत घेतानासुद्धा पाढा चुकला तर दुरुस्त केला होता. तो तिच्याकडे बघत होता आणि सगळं आटोपलं अशा सुटकेनं त्याचे खांदे खाली आले होते. तिला अजिबात आनंद झाला नाही. पोटात नुसतं गार पडलं.

तिनं तोंड मिटलं. झाकण खाली आलं, काचेखालून उजेड एकदा सरकला आणि कागद गेला. डब्याला जी वाट काटायला चोवीस दिवस लागले होते, ती त्यानं चहा निवायच्या आत काटली.

मावशीनं कोटाच्या खिशातून सुई काढली, वापर झाल्यावर पुसायची तशी पुसली, डबीत घातली आणि डबी मालकांच्या टेबलावर ठेवली. ती कारखान्याची होती. दारापाशी भाचा तिच्या मागे आला. म्हणाला, मावशी, आज मी लवकर घरी येतो, सगळे बरोबर जेवू. ती म्हणाली, ये.

बाहेर कोल्ड रूमचं दार उघडं होतं. दुसऱ्या डब्याचा माल निघाला होता, पहिली थप्पी हातगाडीवर चढवून हमाल थांबले होते. तिला येताना पाहून त्यांनी वाट करून दिली आणि सवयीनं तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती थांबली नाही, तेव्हा त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या हमालानं विचारलं, "मावशी, लावू का?"

"साहेबांना विचारा," ती म्हणाली.

या वेळी कोणी हसलं नाही.